मागचं मत परत द्या

सोमवार, २१ ऑक्टोबर २०१९. मतदान केंद्रावर बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं नोकरी झाली, की खडू-फळ्याइतकीच निवडणुकीची ड्युटीही अंगवळणी पडते. आदल्या दिवशी यंत्रं ताब्यात घेऊन एसटीनं नेमलेल्या गावी जायचं, शाळेच्या बाकांवर अंग टाकायचं, पहाटे चारला उठून गावातल्या कुणाच्या तरी घरी अंघोळ उरकायची आणि सहाच्या आत टेबलाशी हजर. (ड्युटीवरच्या बायकांच्या अंघोळीचे आणि बाथरूमचे हाल हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पुन्हा कधीतरी.)

त्या वर्षी सातारा जिल्ह्यात आम्हाला डबल काम होतं. विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही त्याच दिवशी. एप्रिलमधल्या मतदानात राष्ट्रवादीकडून निवडून आलेले उदयनराजे भोसले खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते. त्यामुळं सहा महिन्यांत पुन्हा मतदान. प्रत्येकाला दोन मतं, दोन यंत्रं. कोणतं कशाचं हे सांगता सांगता दुपारपर्यंत आमचे घसे बसले.

अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. मी म्हटलं, ‘‘डावा हात, आजी.’’ त्यांनी बोट पुढं केलं आणि विचारलं, ‘‘दोन-दोन कशापायी?’’

‘‘एक आमदाराचं, एक खासदाराचं.’’

‘‘खासदाराचं तर उन्हाळ्यात दिलं की.’’

‘‘ते परत घेतायत, आजी.’’

‘‘का म्हून?’’

आता आली पंचाईत. ड्युटीवर असताना कुठल्या पक्षाचं नाव काढायची सोय नसते. केंद्राध्यक्ष चष्म्यावरून माझ्याकडंच बघत होते. मी आपलं चाचरत म्हटलं, ‘‘त्यांनी राजीनामा दिला ना, म्हणून.’’

आजी शाई वाळेपर्यंत बोटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘असं? मग माझं मागचं मत परत द्या की.’’

सगळे हसले. दोन्हीकडचे पोलिंग एजंटसुद्धा हसले. आजी काही हसल्या नाहीत. त्या पडद्याआड गेल्या, दोनदा ‘पीं’ वाजलं आणि पदर सावरत निघून गेल्या.

मैत्रिणींनो, बटण दाबल्यावर शेजारच्या मशीनच्या काचेतून एक चिठ्ठी दिसते, ती तुम्ही पाहिली असेलच. कुणाला मत दिलं ते त्या चिठ्ठीवर असतं. ती सात सेकंद दिसते आणि मग कट होऊन खाली पेटीत पडते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे दहादा घोकून घ्यायला लावतात. मतदाराला स्वतःचं मत डोळ्यांनी दिसतं ते तेवढंच, सात सेकंद.

२४ तारखेला निकाल लागले. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे हरले, श्रीनिवास पाटील निवडून आले. आजींना त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं म्हणायचं. विधानसभेचं मात्र भलतंच झालं. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. सरकार बनवायला हवेत १४५. सेना-भाजपनं युती करून मतं मागितली होती, दोघांचे मिळून होत होते १६१. म्हणजे प्रश्नच नव्हता. पण मुख्यमंत्रिपद अर्धं अर्धं ठरलं होतं की नव्हतं, यावरून दोघांचं फाटलं, आणि दिवाळी बिनसरकारची गेली.

आमच्याकडं पाटण खोऱ्यात त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं, कारण पाऊस थांबत नव्हता. परतीच्या पावसानं कापणीला आलेलं भात आडवं झालं होतं. लोंब्यांना खाचरातच कोंब फुटले होते. बायका गुडघाभर चिखलातून पेंढ्या काढून पडवीत, माजघरात, जिथं जागा मिळेल तिथं पसरत होत्या. टीव्हीवर ‘आमचं ठरलंय’, ‘तुमचं ठरलं नव्हतं’ चालू आणि इकडं सगळ्या घराला कुजक्या भाताचा वास. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. पुढं राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी आठ हजार जाहीर केले. आमच्या भागात हेक्टर कुणाकडं असतो? गुंठ्यांचा हिशोब. शेजारच्या वहिनींनी बोटं मोडून हिशोब केला आणि म्हणाल्या, ‘‘मजुरी निघाली तरी मिळवली.’’

घरोघरी काय चाललं होतं ते तुम्हालाही आठवत असेल. आमच्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक. त्या महिन्यात आमचे हे आणि धाकटे दीर असे काही भिडले, की दीर ग्रुप सोडून गेले. जाऊबाईंनी मला वेगळा मेसेज केला : ‘वहिनी, अनारशाचं प्रमाण पाठवा, यांना सांगू नका.’ आम्ही दोघी हसलो, पण भाऊबीजेला त्या लोकांनी यायचं टाळलंच.

आमचं हे हसण्यावारी नेण्याएवढंच होतं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचं तसं नव्हतं. नाव लिहीत नाही. मुलं त्यांना ‘खिचडीच्या काकू’ म्हणतात, मीही इथं काकूच म्हणते. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

आमचा तालुका पूर्वापार दोन गटांचा. एक देसाई गट, एक पाटणकर गट. २०१९ ला इथं सरळ लढत होती : धनुष्यबाणावर शंभूराज देसाई आणि घड्याळावर सत्यजितसिंह पाटणकर. देसाई निवडून आले. बाहेरच्या माणसाला वाटेल पक्षाची निवडणूक. पण इथं पक्ष मागाहून येतो, आधी गट. सोसायटी, दूधडेअरी, ग्रामपंचायत, तालमीचा गणपती, सगळं गटावर चालतं. पोषण आहाराचं काम कुणाच्या बायकोला मिळायचं, तेसुद्धा. मुलीचं लग्न ठरवताना मात्र गट बघत नाहीत. जमीन बघतात, मुंबईला नोकरी आहे का बघतात. त्यामुळं माहेर एका गटाचं आणि सासर दुसऱ्या, अशा बायका गावागावात सापडतील.

काकू त्यातल्याच. सासरी बाण, माहेरी घड्याळ. माहेर नदीच्या पलीकडं, पुलावरून चालत गेलं तर पाऊण तास. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या निवडणुका झाल्या. निकालाच्या संध्याकाळी गुलालाची गाडी माहेरच्या दारावरून गेली, कोण काय बोललं ते अजून कुणी धड सांगत नाही, आणि मारामारी झाली. काकूंच्या भावाच्या डोक्याला टाके पडले. फिर्यादी भाऊ. आरोपींत काकूंचा नवरा. तेव्हापासून काकूंना माहेर बंद. नवऱ्यानं सांगितलं, ‘‘गेलीस तर तिकडंच राहा.’’ भावानं निरोप धाडला, ‘‘त्याच्या घरचं पाणी घेऊन येऊ नको.’’

आई मात्र आठवडी बाजारात भेटायची. दोघी कासाराच्या दुकानात बसायच्या. बांगड्या भरायला तासभर लागतो, कुणी काही म्हणत नाही. काकूंच्या हातात कायम कोपरापर्यंत चुडा असायचा, आणि आम्ही शाळेत त्यांची थट्टा करायचो. कारण कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

तर २३ नोव्हेंबर. शनिवार, सकाळची शाळा. प्रार्थना झाली, मुलं वर्गात गेली आणि आमचे हेडमास्तर फोन हातात धरून व्हरांड्यात उभे. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. शपथविधी झालासुद्धा! आम्हाला वाटलं जुना व्हिडिओ आहे. आदल्या रात्री झोपताना सगळे चॅनेल उद्धव ठाकरेंचं नाव घेत होते. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमाराला राजभवनात शपथ झाली होती. पुढं या प्रकाराला ‘पहाटेचा शपथविधी’ असं नावच पडलं. मला ते नाव ऐकलं की हसू येतं. आठ वाजता कुठली पहाट? आठपर्यंत आमच्याकडच्या बाईचं पाणी, शेण, धारा, भाकरी, डबे होऊन ती रानाच्या वाटेला लागलेली असते. आठ वाजता पहाट ज्याची होते, त्यानंच हे नाव ठेवलेलं असणार.

ते सरकार चार दिवसांत गेलं. २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली. शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस. बाण आणि घड्याळ एका गाडीत!

आमच्या तालुक्यात त्या संध्याकाळी फटाके कुणी वाजवायचे, हाच मोठा प्रश्न होता. बाणवाल्यांचं सरकार आलं, पण घड्याळवाल्यांचंही आलं. चहाच्या टपरीवर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडं न बघता एकाच बातमीवर खूश होते. कुणी म्हणालं, ‘‘आता बोर्डावर दोघांचे फोटो शेजारी लावायचे काय?’’ कुणी म्हणालं, ‘‘मग आम्ही इतकी वर्षं डोकी कशाला फोडली?’’ आणि हे म्हणणारा हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर काकू माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ‘‘बाई, वर आता मिटलं म्हणं दोघांचं?’’

‘‘हो, मिटलं.’’

‘‘मग मी जाऊ का माहेरी?’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या रजा मागत नव्हत्या. मी जाऊन त्यांच्या मालकांशी बोलावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, मालक शाळा समितीवर, बाईंचा शब्द खाली पडू देणार नाहीत असा त्यांचा विश्वास.

मी गेले. पडवीत भाताच्या पेंढ्या वाळत घातल्या होत्या, त्यातूनच वाट काढून बसले. चहा झाला. मी मुद्द्यावर आले. म्हटलं, वर एवढे मोठे लोक एक झाले, तुम्ही मेहुण्या-मेहुण्यांनी धरून बसण्यासारखं काय आहे? माणूस शांत होता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, ‘‘बाई, वर मिटलं, कारण तिथं वाटायला मंत्रिपदं हायत. आमच्यात वाटायला काय हाय? केस हाय. ती साहेबांवर न्हाय, माझ्यावर हाय. दर तारखेला माझा रोज बुडतो. वकील मी देतो. साक्षीला माझा मेव्हणा उभा ऱ्हाणार. आणि बायकोनं तिकडं जाऊन पुरणपोळी खायची?’’

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचेल असं वाटत नाही. काकू चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी येताना मला माझे वडील आठवले. आम्ही मूळचे सांगलीकडचे. वडील साखर कारखान्यात कारकून आणि वसंतदादांचे निस्सीम भक्त. त्यांचे जिवलग मित्र शाळामास्तर, समाजवादी विचारांचे. दोघांत मिळून एकच वर्तमानपत्र यायचं. सकाळी आमच्याकडं, दुपारी मास्तरांकडं. मार्च १९७८ मध्ये दोन्ही काँग्रेसचं मिळून सरकार आलं, दादा मुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले, ते सरकार गडगडलं आणि अडतिसाव्या वर्षी पवार मुख्यमंत्री झाले. पुलोदचं सरकार. मी तेव्हा बारा वर्षांची. ‘पाठीत खंजीर’ हे शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकले. मला खरोखरच कुणीतरी दादांना भोसकलं असं वाटून मी रडले होते. मास्तर मात्र पेढे घेऊन आले. जनता पक्ष सरकारात होता ना. वडिलांनी पेढा घेतला नाही. दुसऱ्या महिन्यापासून आमच्याकडं स्वतंत्र पेपर येऊ लागला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

संक्रांतीला आईनं माझ्या हाती मास्तरांच्या घरी वाण धाडलं. मागच्या दारानं जा, म्हणाली. मास्तरीणबाईंनीही मागच्याच दारानं माझ्या ओटीत तिळगूळ घातला. पुढं कितीतरी वर्षं ते तसंच चाललं. १९९९ मध्ये वसंतदादांच्या पत्नी शालिनीताई पाटील पवारांच्याच राष्ट्रवादीकडून कोरेगावातून निवडून आल्या, तेव्हा वडील रिटायर होऊन घरी होते. बातमी ऐकून त्यांनी टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन बसले. मास्तरांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

आणि त्याच १९९९ मध्ये वेगवेगळे लढून, एकमेकांवर वाट्टेल ते बोलून, काँग्रेस आणि राष्ट्रवादीनं निकालानंतर एकत्र सरकार केलं होतं. ते तीन निवडणुका, पंधरा वर्षं चाललं! म्हणजे ही काही २०१९ ची नवलाई नव्हे. आघाडी करू नये असंही माझं म्हणणं नाही. कुणालाच बहुमत नसेल तर दुसरं काय करणार? सारख्या निवडणुका घ्यायच्या तर आम्हा शिक्षकांनी शिकवायचं कधी? पण निवडणुकीआधी ज्याच्याशी भांडायला लावलं, त्याच्याशी निवडणुकीनंतर हात मिळवताना, खाली ज्यांची डोकी फुटली त्यांच्याकडं एकदा कुणी येऊन बसायला नको का? एखाद्या मंत्र्यानं नको. गटाच्या एखाद्या जाणत्या माणसानं यावं, दोघांना एका घोंगडीवर बसवावं. मी त्यानंतर दोन्ही गटांच्या गावातल्या पुढाऱ्यांना हे बोलून पाहिलं. एकजण म्हणाले, ‘‘बाई, वरून आदेश नाही.’’ भांडायचा आदेश तरी वरून लेखी आला होता का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

त्या दिवसांत लेखांतून, भाषणांतून एक कोटी फार चालायची. गृहिणीला आघाडीचं सरकार चालवण्याचा अनुभव असतो, सासू-सासरे, दीर-जावा हे तिचे घटक पक्ष, वगैरे. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी आम्हाला ती ऐकवली, सगळ्या टाळ्या वाजवून हसल्या. माझ्या शेजारी काकू होत्या. आघाडीत घटक पक्षाला पाठिंबा काढून घेता येतो हो. काकूंनी काय काढून घ्यायचं?

मग कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. बाजार बंद, कासाराचं दुकान बंद. पुन्हा सगळं उघडलं तोवर काकूंच्या आईचे गुडघे गेले होते. ती घराबाहेर पडेना. तेव्हापासून मायलेकींची भेट फोनवर, तीही खिचडी शिजत असताना, माझ्या मोबाइलवरून.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. शाळा नुकती सुरू झाली होती आणि चौथीतली पोरं मधल्या सुट्टीत ‘काय झाडी, काय डोंगार’ करत फिरत होती. सांगोल्याच्या आमदारांचं ते फोनवरचं बोलणं पाठ्यपुस्तकातल्या कवितेपेक्षा लवकर पाठ झालं. मी एकाला दटावलं तर म्हणाला, ‘‘बाई, आपल्याकडं पण झाडी हाय की, मग ते तिकडं का गेले?’’ २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० ला शिंदे मुख्यमंत्री. शंभूराज देसाई आधीच्या सरकारात राज्यमंत्री होते, नव्या सरकारात कॅबिनेट मंत्री झाले. काकूंच्या मालकांनी दोन दिवस फोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘साहेब जिकडं, तिकडं आपण.’’ वर्षभरानं, २ जुलै २०२३ ला, अजित पवारही त्याच सरकारात आले. बाण फुटला होता, आता घड्याळही फुटलं. मी रस्त्यात त्यांना गाठलं. ‘‘आता तर अर्धं घड्याळ तुमच्याच बाजूला आलं. आता काय?’’

‘‘केस हाय न्हवं, बाई.’’

खरं होतं. २०२२ च्या सत्तांतराचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि ११ मे २०२३ ला त्याचा निकालही आला. सगळं सरकार खालीवर करणारा खटला, अकरा महिन्यांत निकाली. गुलालाच्या गाडीवरून झालेल्या मारामारीला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती आणि साक्षीपुरावे संपले नव्हते.

३० जून २०२४ ला मी रिटायर झाले. त्याच्या दोन दिवस आधी बजेटमध्ये ‘लाडकी बहीण’ जाहीर झाली होती, महिन्याला पंधराशे. जुलैभर गावात दुसरा विषय नव्हता. आधार, बँक, रेशनकार्ड, फोटो. सेतू केंद्रापुढं बायकांच्या रांगा, आणि एरवी बायकोचं शिक्षण किती हे ज्यांना ठाऊक नाही ते नवरे तिची कागदपत्रं फायलीत घालून रांगेत. काकू माझ्या घरी आल्या. रेशनकार्डावर त्यांचं नाव चढवायचंच राहून गेलं होतं, मतदार कार्ड सापडत नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या मुलानं सांगितलं होतं, शाळा सोडल्याचा दाखला आणा, चालेल.

काकूंची शाळा म्हणजे माहेरची शाळा.

तिथले गुरुजी माझ्या ओळखीचे. मी एक फोन केला असता तर त्यांनी दाखला संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी हाती धाडला असता. मी नाही केला. काकूंच्या मालकांना निरोप दिला, की ज्याचा दाखला त्यानंच सही करून घ्यावा लागतो, तुम्ही स्वतः घेऊन जा, उशीर केलात तर फॉर्म राहील. खोटं बोलले. चौतीस वर्षं मुलांना ‘खरे बोलावे’ गिरवायला लावलं, आणि रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात हे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूंना मोटारसायकलवर बसवून पुलापलीकडं नेलं. वेशीवर गाडी थांबवली. म्हणाले, ‘‘मी हितंच थांबतो. तू ये जाऊन.’’ काकू शाळेत गेल्या, दाखला घेतला. शाळेपासून घर चार घरं सोडून. गेल्या.

संध्याकाळी मला सांगायला आल्या. आई पलंगावर होती, आधी ओळखलंच नाही, मग हात धरला तो सोडेना. हातावरून हात फिरवत म्हणाली, ‘‘बांगड्या का गं दोनच?’’ भावजयीनं चहा टाकला. भाऊ रानातून आला, दारात थबकला. काकू उठून उभ्या राहिल्या. भाऊ म्हणाला, ‘‘दाजी कुठायत?’’

‘‘वेशीवर.’’

तो काही बोलला नाही. आत गेला, तांब्याभर पाणी आणि वर पेला ठेवून पोराच्या हाती दिला. म्हणाला, ‘‘वेशीवर नेऊन दे.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘पोरगं तांब्या घेऊन परत आलं. रिकामा होता.’’ काकू दाखल्याची घडी उलगडत म्हणाल्या, ‘‘प्याले का ओतून दिलं, ते म्या काय विचारलं न्हाय.’’